जुन्या स्पोर्ट्स कूपेचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल बदलताय? या चुका टाळा

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता वाहतुकीसाठी तयार झाला. तेव्हापासून नागपुरात जुन्या गाड्या हौसेनं सांभाळणारे भेटले की एक विषय हमखास निघतो. गाडी चार गिअरची, चौथ्यात १०० च्या पुढे इंजिन सारखं ओरडत राहतं, कान किटतात, पेट्रोलही भसाभस जातं. मग ठरतं की पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवू आणि मागचं डिफरन्शियलही (शाफ्टची फिरकी मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरसंच) लांब रेशोचं, म्हणजे कमी आकड्याचं, त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारं टाकू. विचार अगदी रास्त आहे. पण हे काम करून घेतलेल्या कितीतरी गाड्या पुढे महिनोन्‌महिने कुठल्या ना कुठल्या आवाजापायी गॅरेजच्या चकरा मारत असतात.

यात गिअरच्या दात्यांचा दोष क्वचितच असतो. काम बिघडतं ते जोडांवर: क्लच आणि गिअरबॉक्स, गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब दांडा), शाफ्ट आणि पिनियन (डिफरन्शियलमधला छोटा गिअर, जो क्राउन या मोठ्या गिअरला फिरवतो). त्याच्याही आधी ते बिघडतं हिशेबात, कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हे दोन सुटे भाग समजून, जसे मिळतील तसे घेतले जातात. माझं मत ठाम आहे. ही एकच खरेदी आहे आणि कागदावर आकडे मांडल्याशिवाय तिच्यासाठी एक रुपयाही कुणाला देऊ नये.

आधी हिशेब, मग माल

डॅटसन २४०झेड ही १९६९ ची कूपे या बाबतीत चांगला धडा देते. अमेरिकेत विकलेल्या गाडीला चार गिअर आणि ३.३६ चं डिफरन्शियल होतं. इतर काही देशांत तीच गाडी पाच गिअरची होती, पण तिथे डिफरन्शियल ३.९ चं दिलेलं. म्हणजे कंपनीनं पाचवा गिअर वाढवला तेव्हा मागचा रेशो आखूड केला. आपल्याकडे मात्र पाचवा गिअरही हवा आणि मागचा रेशोही लांब हवा, असा दुहेरी मोह होतो.

आकड्यांत बघू. १९५/७० आर १४ टायरचा घेर साधारण १.९७ मीटर. ताशी १२० किलोमीटर म्हणजे मिनिटाला २००० मीटर, तेव्हा चाक मिनिटाला सुमारे १०१५ फेरे घेतं. डिफरन्शियल ३.९ चं आणि चौथा गिअर सरळ १ असेल तर इंजिन जवळपास ३९५० वर फिरतं. पाचवा गिअर ०.८ चा मिळाला की तेच ३१५० च्या आसपास येतं. आता डिफरन्शियलही ३.३६ केलं तर सुमारे २७३०. ऐकायला छान, पण दोन लिटरच्या आतलं जुनं कार्ब्युरेटर इंजिन समोरून वारा असताना त्या फेऱ्यांवर दम टाकतं. शेवटी पाचवा गिअर नुसता शोभेला राहतो आणि सगळा प्रवास चौथ्यातच होतो.

दुसरं टोक पहिल्या गिअरचं. ३.९ वरून ३.३६ वर गेलात की प्रत्येक गिअरची ओढ सुमारे १४ टक्क्यांनी घटते. सीताबर्डीच्या गर्दीत अर्धा क्लच धरून सरकायचं, किंवा चिखलदऱ्याच्या घाटात वळणावरून गाडी पुन्हा उचलायची, तेव्हा हे १४ टक्के क्लच प्लेटच्या वासातून कळतात. नव्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर जुन्यापेक्षा आखूड असेल तर भरपाई होते, नसेल तर नाही. म्हणून दोन्ही गिअरबॉक्सचे सगळे रेशो लिहून काढा आणि प्रत्येकाला दोन्ही डिफरन्शियलच्या रेशोनं गुणा. शंभर पानी वहीचं अर्धं पान पुरतं.

टायरचा घेर गणितानं काढू नका, मोजा. टायरवर खडूची खूण करा, गाडी जमिनीवर एक पूर्ण फेरा ढकला आणि दोन खुणांमधलं अंतर टेपनं घ्या. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा गणितापेक्षा थोडा कमीच येतो.

आणि विकणाऱ्याच्या तोंडच्या रेशोवर विश्वास ठेवू नका. डिफरन्शियलच्या हौसिंगवरची (बाहेरच्या कवचावरची) पट्टी कधीकाळी बदललेली असू शकते. मागचं झाकण उघडता आलं तर दाते मोजा: क्राउनला ३९ आणि पिनियनला १० असतील तर ३.९, क्राउनला ३७ आणि पिनियनला ९ असतील तर ४.११. झाकण न उघडता मोजायचं तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, एक मागचं चाक जमिनीवर घट्ट राहू द्या, दुसरं उचलून बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते बघा. तोच रेशो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एका चाकाला एकट्यानं सहज फिरू न देणारं) असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथे दोन्ही चाकं उचलून एकत्र एक फेरा फिरवायचा.

गिअरबॉक्सचा शोध आपल्याकडे बहुधा इसुझुपाशी येऊन थांबतो, कारण काँटेसा क्लासिक आणि १८०० आयएसझेड अँबेसेडर या दोघींना १.८ लिटरच्या इसुझु इंजिनासोबत पाच गिअर होते आणि जुन्या मालात ते अजून दिसतात. पर्याय म्हणून वाईट नाही. मात्र तुमच्या इंजिनाला तो सरळ लागणार नाही. मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट, वेगळी क्लच प्लेट आणि नवा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारा आडवा आधार) येतो. तो खर्च गिअरबॉक्सच्या किमतीत आधीच धरा.

क्लचपाशी होणारी चूक

पेडल पायाला बरोबर लागतं, हायड्रॉलिक लाइनमधली हवा काढलेली असते, तरी रिव्हर्स टाकताना करकर होते. किंवा उलट, क्लच पूर्ण सोडूनही चढावर सरकतो. लोक मास्टर सिलिंडर बदलतात, स्लेव्ह बदलतात, नळी बदलतात. खरं कारण बहुतेक वेळा रिलीज बेअरिंगच्या स्लीव्हमध्ये असतं.

प्रेशर प्लेट वेगवेगळ्या उंचीच्या येतात. बोटं किती वर येतात त्यावर रिलीज बेअरिंग बसतं ती स्लीव्ह लांब किंवा आखूड लागते. गिअरबॉक्स बदलला की त्याच्यासोबत आलेली स्लीव्ह तशीच ठेवली जाते आणि प्रेशर प्लेट जुनीच राहते. तिथे चूक होते. स्लीव्ह प्रेशर प्लेटची जोडीदार आहे, गिअरबॉक्सची नव्हे. दोन्ही स्लीव्ह टेबलावर शेजारी ठेवून व्हर्नियरनं मोजा. फरक काही मिलिमीटरांचाच दिसेल, पण क्लच सुटणं न सुटणं तेवढ्यावरच असतं.

क्लच प्लेटचे स्प्लाइन (आतल्या खाचा) हातानं टॉप शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या दांड्यावर, सरकवून बघा. मोजून जुळले तरी व्यास वेगळा असू शकतो. टॉप शाफ्टचं नाक क्रँकच्या टोकातल्या पायलट बुशमध्ये किती आत जातं तेही मोजा. नाक आखूड पडलं तर शाफ्टला पुढून आधार राहत नाही. जास्त लांब झालं तर ते क्रँकला टेकतं आणि बोल्ट आवळताना गिअरबॉक्सच्या हौसिंगला तडा जातो.

पायलट बुश नवा घाला, जुना कितीही ठीक दिसला तरी. तो काढायला बंद भोकामुळे त्रास होतो. भोकात ग्रीस ठासून भरा, त्यात घट्ट बसेल अशा मापाची लोखंडी सळई घाला आणि हातोडीनं ठोका. ग्रीसला जायला दुसरी वाट नसते, त्यामुळे ते बुशच्या मागून दाब देतं आणि बुश हळूहळू सरकत बाहेर येतो. सळई सैल असेल तर ग्रीस तोंडावर उडतं, म्हणून ती लेथवर मापाची करून घ्या. नवा ब्राँझचा बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. तो सच्छिद्र असतो, तेल पिऊन घेतो आणि पुढे तेच तेल वंगण म्हणून सोडत राहतो. कोरडा घातलात तर थोड्याच दिवसांत चिंचिं करायला लागेल.

बेलहाऊसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) डॉवेल पिना, म्हणजे ते नेमक्या जागी धरणाऱ्या पिना, हरवलेल्या असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. गिअरबॉक्स फक्त बोल्टांवर तोलला जातो, आणि बोल्टाच्या भोकात खेळ असतो. त्या खेळामुळे टॉप शाफ्ट तिरका चालतो, पुढचं बेअरिंग गरगरतं आणि चालत्या गाडीत गिअर उडतो. अ‍ॅडॅप्टर प्लेट केली असेल तर फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेलहाऊसिंगचं मधलं भोक तपासाच. काटा एकंदर ०.२५ मिमीपेक्षा जास्त हलला तर प्लेट पुन्हा टर्नरकडे. हिंगणा एमआयडीसीत असं काम करणारे कसबी टर्नर आहेत. त्यांच्याकडे नुसता नमुना टाकून येऊ नका, माप कागदावर काढून द्या.

शेवटची गोष्ट, आणि ही रोज कुठे ना कुठे घडते: गिअरबॉक्स पूर्ण आत जात नाही म्हणून बोल्ट आवळून ओढला जातो. अ‍ॅल्युमिनियमचा कान तिथेच मोडतो. क्लच प्लेट मध्यावर आणायची दांडी वापरली असेल तर गिअरबॉक्स शेवटच्या बोटभर अंतरात हातानंच बसतो. बसत नसेल तर खाली घ्या, कारण शोधा. आणि तो टॉप शाफ्टवर लटकत ठेवून चहाला जाऊ नका, क्लच प्लेटचा गाभा वाकतो. जॅक खालीच राहू द्या. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) असावी, विटांवर कधीच नाही.

शाफ्टची लांबी आणि कोन

नव्या गिअरबॉक्सची शेपटी मागेपुढे जाते, म्हणून शाफ्ट कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. माप घेताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. मागचा अ‍ॅक्सल लटकलेला असताना घेतलेलं माप चुकतं. स्लिप योक (गिअरबॉक्सच्या शेपटीत मागेपुढे सरकणारं शाफ्टचं टोक) पूर्ण आत ढकलून मग साधारण २० ते २५ मिमी बाहेर राहील एवढी जागा सोडा. जागा न सोडल्यास खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीवर आदळतो. वेल्ड करताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. सुटा करण्याआधी पंचनं खूण करा, म्हणजे नंतर वाद नको. बॅलन्सिंग वेल्डिंगनंतरच करायचं.

पण खरी मेख कोनात आहे. धरमपेठेतल्या एका परिचितांच्या कूपेत ८० च्या पुढे सीटखाली घरघर यायची. शाफ्ट पुन्हा बॅलन्स झाला, टायर बदलले, व्हील अलाइनमेंट झालं. घरघर तशीच. शेवटी मोबाइलमधलं लेव्हल गिअरबॉक्सच्या शेपटीला, मग शाफ्टला, मग पिनियनच्या फ्लँजला लावून तिन्ही उतार लिहिले. पुढच्या क्रॉसपाशी (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्यापाशी) तीन अंशांहून जास्त कोन होता आणि मागच्या क्रॉसपाशी जवळजवळ शून्य. नव्या क्रॉसमेंबरमुळे गिअरबॉक्सची शेपटी खाली बसली होती. माउंटिंगखाली पत्र्याचं पॅकिंग टाकून ती वर घेतली, दोन्ही कोन एकमेकांच्या जवळ आणले आणि घरघर गेली.

कारण समजून घ्या. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दोन्ही टोकांना सारखाच कोन असेल तर मागचा क्रॉस पुढच्याची ही चढउतार खोडून काढतो. म्हणून गिअरबॉक्स आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत आणि प्रत्येक क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आत असावा. अगदी शून्यही नको. मग क्रॉसच्या सुया एकाच जागी उभ्या राहतात आणि कपात खड्डे पाडतात.

फ्लँजचे बोल्ट मूळचे किंवा १०.९ ग्रेडचे घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही. नायलॉन नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही.

डिफरन्शियल: शेंदूर खोटं बोलत नाही

क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून तयार होतात आणि त्यांच्यावर जोडीचे नंबर कोरलेले असतात. एका गाडीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन, दाते जुळतात म्हणून बसवला, तर तो आवाज आयुष्यभर सोबत राहील. नंबर जुळत नसतील तर माल परत करा, कितीही स्वस्त असला तरी.

पूर्ण हौसिंग बदलणार असाल तर आकाराकडे लक्ष द्या. डॅटसनच्या झेड गाड्यांत आर१८० आणि आर२०० अशी दोन डिफरन्शियल येतात. आकडा क्राउनच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. आर२०० दणकट आहे, पण त्याला मागे धरणारा बार वेगळा लागतो आणि शाफ्टचे फ्लँजही तपासावे लागतात. एवढंसं अडलं की लोक भोकं मोठी करतात. असं करू नका, जुळणारा बार शोधा.

क्राउन-पिनियन बसवल्यावर दात्यांना शेंदूर तेलात कालवून पातळ थर लावा. चाकाकडून थोडा अडथळा ठेवून पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा आणि मग क्राउनच्या दात्याकडे टॉर्च मारून बघा. शेंदूर पुसला गेलेला चकचकीत डाग दात्याच्या मध्यावर हवा, वरच्या कडेला नको, मुळाशी नको, आतल्या किंवा बाहेरच्या टोकालाही नको. डाग मुळाशी उतरला असेल तर पिनियन क्राउनच्या फार जवळ गेलाय, वरच्या कडेला चढला असेल तर फार लांब आहे. ते पिनियनमागच्या शिमनं (पातळ चकतीनं) सुधारतं. डाग आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे सरकला असेल तर क्राउन बाजूला घ्यावा लागतो, आणि त्यासोबत बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधला मोकळा खेळ, बदलतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत बॅकलॅश ०.१० ते ०.२० मिमीच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. तो क्राउनभर चार जागी मोजा. जागोजागी वेगळा आला तर क्राउन वेडावाकडा बसलाय, बहुधा मागे कचरा राहिलाय.

“भाऊ, हातानं हलवून बघितलं, बरोबर आहे” हे वाक्य ऐकलं की काम थांबवा. मिलिमीटरचा दहावा भाग हाताला कळत नाही.

पिनियनचं ऑइल सील गळतं म्हणून नुसतं सील बदलणंही वाटतं तेवढं सोपं नाही. काही डिफरन्शियलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये दबणारी स्लीव्ह असते. इम्पॅक्ट गननं नट आवळला की ती गरजेपेक्षा जास्त दबते, बेअरिंग आवळली जातात आणि तापून मरतात. नट थोडा सैल करून ती स्लीव्ह पूर्ववत होत नाही, नवीच घालावी लागते. नट काढण्याआधी खूण करा, पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजून ठेवा आणि हाताच्या पान्यानं हळूहळू तिथंवर या.

तेल, आणि नागपूरचा उन्हाळा

दोन्हीकडे एकच तेल ओतणं ही सगळ्यात स्वस्तात होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. डिफरन्शियलमधले हायपॉइड दाते एकमेकांवर घसरत चालतात, त्यांना जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात आणि त्यांना जीएल-४ मानवतं. जीएल-५ मधल्या गंधक-फॉस्फरसच्या जास्त मात्रेचा पितळेला त्रास होऊ शकतो. शिवाय ते इतकं निसरडं असतं की सिंक्रो रिंग पकडतच नाही, गिअर खरखरतो. लिमिटेड स्लिप असेल तर त्यासाठीचं अ‍ॅडिटिव्ह वेगळं.

तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर गाडी आहे तिथेच उभी राहते.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो आणि तापलेल्या डांबरावरून डिफरन्शियलला खालूनही झळ लागते. आत हवा फुगते. ब्रीदर (ही हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) धुळीनं बुजलेला असेल तर हवा सीलमधून वाट काढते, तेल बाहेर येतं आणि दोष सीलवर जातो. नवं सील घालण्याआधी ब्रीदर काढून डिझेलनं धुवा, फुंकून बघा. इतकं साधं काम, पण क्वचितच कुणी करतं.

स्पीडोमीटर

केबल गिअरबॉक्सच्या शेपटीवरून चालत असेल तर डिफरन्शियल बदलताच काटा चुकतो. ३.९ चं ३.३६ केलंत तर प्रत्यक्ष १२० ला काटा १०३ दाखवेल. म्हणजे काटा १२० वर आणलात तेव्हा गाडी १३९ नं पळत असेल. समृद्धीवर मोटारींची मर्यादा १२० आहे. दंड होईल तो होईल, पण जुने ब्रेक आणि जुने टायर घेऊन नकळत १३९ नं जाणं जिवावरचं आहे. केबलच्या टोकाचा छोटा प्लॅस्टिक गिअर बदलून मिळतो. तो मिळेपर्यंत जीपीएसचा वेग बघूनच चालवा.

आवाज आला तर आधी ऐका

वाटेल ते खोलण्याआधी मोकळ्या रस्त्यावर, सोबत कुणाला तरी बसवून, एवढं करा. आवाज येतो त्या वेगाला क्लच दाबून न्यूट्रल करा. आवाज थांबला तर तो बहुधा इंजिन, क्लच, गिअरबॉक्स किंवा त्यांच्या माउंटिंगचा. तसाच राहिला तर शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकं. एक्सलरेटर दाबल्यावरच किंवा सोडल्यावरच हूं असा आवाज येत असेल तर क्राउन-पिनियनची बैठक. दोन्हीत सारखाच, फक्त वेगाबरोबर वाढणारा असेल तर बेअरिंग. वळणावरच येत असेल तर स्पायडर गिअर (डिफरन्शियलच्या पोटातले छोटे गिअर) किंवा चाकाचं बेअरिंग. क्लच सोडताना ठक्क होत असेल तर क्रॉस, नाहीतर डिफरन्शियलचं रबर. उन्हानं कडक झालेलं रबर बाहेरून धड दिसतं, पण सळईनं रेटलं की फाट उघडते.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा वेगळी गाडी करायला मनाई करतं. आरसीवर इंजिन आणि चॅसिस नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो. तरी चॅसिस कापणं, गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा कापून वेल्ड करणं असलं काही असेल तर आधी आरटीओत विचारा. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर आणखी जपा, कारण २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. जुना गिअरबॉक्स, जुना शाफ्ट आणि जुनं डिफरन्शियल विकू नका. तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवा.

पहिले काही किलोमीटर

नवा क्राउन-पिनियन बसवला असेल तर पहिल्याच दिवशी समृद्धी गाठू नका. सकाळच्या थंड वेळी शहराबाहेर अर्धा तास बेतानं चालवा, मग गाडी उभी करून पूर्ण थंड होऊ द्या. असं काही वेळा करा. दरवेळी थांबल्यावर डिफरन्शियलला हात लावून बघा. गरम असेल, पण हात क्षणभरही ठेववत नसेल तर बेअरिंग आवळली गेली आहेत, पुढे जाऊ नका. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तेल काढा आणि प्लगवरच्या चुंबकाला चिकटलेला गाळ बोटांत चोळा. राखाडी, मऊ पेस्ट असेल तर दाते एकमेकांना घासून बसताहेत. नखाला टोचणारा कण निघाला तर झाकण उघडायचं, नवं तेल भरायचं नाही.